जाऊबाईंचा फोटो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबालाही नाही. तुम्हालाच का सांगते आहे? — कदाचित तुम्ही लांब आहात म्हणून. समोर बसला असता तर मला जमलं नसतं.

तुमचा बाबा मागे आला तेव्हा त्याचा जुना कॅमेरा इथेच ठेवून गेला. मी शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे त्याची माहितीपुस्तिका धड्यासारखी वाचून काढली. कळलं काहीच नाही. मग एका दुपारी ओट्यावर तीन मोसंबी एकामागे एक मांडली, आणि — गंमत बघा — भिंगातलं भोक मोठं केलं की मधलं मोसंबं तेवढं स्वच्छ, पुढचं-मागचं विरघळलेलं! भोक मोठं, तर त्याचा आकडा लहान. असं उलटं का? रात्री अंथरुणात तेच डोक्यात. आणि ती साल! इतकी वर्षं मोसंबी सोलली, पण तिच्यावर एवढी बारीक छिद्रं असतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर मी घरभर उजेडाच्या मागे फिरायला लागले. तो सकाळी माठावर कुठून येतो? दुपारी भिंतीवर निळसर का दिसतो? घड्याळावर चालणारी बाई मी, पण माझी आमटी करपायला लागली.

शेजारच्या घरात माझ्या थोरल्या जाऊबाई राहायच्या — तुमची मोठी आजी. एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय मास्तरीणबाई, मोसंब्याचे फोटो काढून राह्यली म्हणं? आम्ही काय मोसंब्याहून वाईट हाव का?" मग आत येऊन हळूच म्हणाल्या, "माझा एक काढ. मागं लावायला."

मागं लावायला म्हणजे — माणूस गेल्यावर भिंतीवर. मोठ्या आजोबांचा फोटो लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला होता, त्यात कडेला कुणाचा तरी खांदा आलेला. जाऊबाईंना तसं नको होतं. "माझ्यात मी एकलीच पाहिजे," म्हणाल्या.

ठरलेल्या दिवशी त्या इरकली नेसून दारात बसल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, ताठ झाल्या, श्वासही धरला असावा. मी कॅमेरा डोळ्याला लावला — आणि मला त्यांचे गुडघ्यांवर ठेवलेले हात दिसले. उजेड गुडघ्यांपर्यंतच येत होता. चेहरा सावलीत, पण हात मात्र... एकेक शीर, एकेक भेग, हिरवं गोंदण. मोसंब्याच्या सालीसारखं सगळं उलगडत होतं. मी आकडा लहान केला, आणखी लहान केला. हातांचेच फोटो काढत राहिले. समोरून काढलेला सरळ चेहरा — त्यात शिकण्यासारखं काय आहे, असं वाटलं मला. तो काय, नंतरही काढता येईल.

कॅमेरा थोडा वर उचलायला किती वेळ लागतो?

"झाला का गं? दाखव बरं." त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी पडद्यावर त्यांचे हातच त्यांच्यासमोर धरले. त्यांनी कॅमेरा पार नाकापाशी नेला.

"डोळे उघडे आले ना?"

"हो. चेहरा छान आलाय."

"गोरी दिसून राह्यले की! बराबर. मंग आता कधी बी गेले तरी चालंल."

त्यानंतर त्या बरेच महिने होत्या. मी रोज त्यांच्या ओट्यावर बसायचे. "फोटो जपून ठेव बरं," म्हणायच्या, आणि मी मान हलवायचे. पुन्हा बसवायचं, तर पहिल्यांदा खोटं बोलले हे सांगावं लागलं असतं. तेवढं धाडस झालं नाही. असं म्हणते खरं — पण ते धाडसाचं काम होतं का? काहीतरी सबब सांगून पुन्हा बसवलं असतं, तर त्या आनंदाने बसल्या असत्या.

त्या गेल्या. दहाव्याच्या आधी त्यांचा मुलगा आला. "काकू, आईचा फोटो तुमच्याकडं हाये म्हणायची ती. जल्दी द्या, बदनापूरला फ्रेमला टाकायचाय."

"कॅमेऱ्याचं कार्ड खराब झालं रे," मी म्हणाले.

त्याने मला एक शब्दही विचारला नाही. उलट म्हणाला, "जाऊ द्या काकू, मशीनच हाये ते." मग आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात त्यांचे डोळे अर्धवट मिटलेले आहेत. मी त्या फोटोसमोर बसून चहा पिते.

कॅमेऱ्याचं कार्ड चांगलं आहे. मी अजूनही फोटो काढते, उजेड बघितला की अजूनही हात शिवशिवतात — हेही लपवत नाही. आणि त्या दुपारचा सगळ्यांत चांगला फोटो मी तुम्हाला पाठवला होता. तुम्ही दोघांनी किती कौतुक केलंत. तू तो खोलीत लावलास, मीरा, आणि विचारलंस की हे हात कुणाचे. मी लिहिलं — गावातली एक बाई.

ते तुमच्या मोठ्या आजीचे हात आहेत. चेहऱ्याचा एकही फोटो मी काढला नाही.