गौरीसाठी दिलेलं पाकीट

जानकी,
तोंडावर बोलले तर उठून जाशील, म्हणून लिहिते. परक्या बाईची गोष्ट असावी तशी लिहिते, म्हणजे शेवटपर्यंत वाचशील. त्यातली विमलाताई मीच.

शहाऐंशी सालचे गणपती होऊन गेले होते. मरोळच्या चाळीतली जानकी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं टाळत होती. पाळी अकरा दिवस चुकली होती. तिसऱ्या बाळंतपणात रक्तदाब चढून तिला झटके आले होते, दोन दिवस शुद्ध नव्हती. पुन्हा दिवस राहिले तर वाचणं कठीण, असं तेव्हाच बजावलेलं. आता धुणं पिळता पिळता हात थांबायचा आणि तिन्ही पोरांची तोंडं डोळ्यांपुढे यायची.

नवऱ्याला, लवूला, तिनं सांगितलं नाही. शेजारच्या विमलाताईला सांगितलं, तेही नळावर, पाण्याच्या आवाजात. विमलाताईनं तिला धरून अंधेरीला डॉक्टर सुनंदाबाईंकडे नेलं.

काही वापरत होतीस का, बाईंनी विचारलं. गोळ्या, जानकी पुटपुटली. आरोग्यसेविकेनं दिलेल्या. मग त्या कुठे गेल्या?

"गावाला. जावेला दिल्या."

गौरी जेवायच्या दिवशीच धाकट्या जावेची पाळी येणार होती. नैवेद्य रांधायचा कुणी, म्हणून सासू हवालदिल. पाळी पुढे ढकलायची गोळी ती हीच, असं समजून जानकीनं नवं कोरं पाकीट जावेच्या हातावर ठेवलं होतं.

"म्हणजे गौर जेवली आणि तू लटकलीस," बाई म्हणाल्या. "ती गोळी वेगळी, ही वेगळी. ही रोज घ्यायची असते, वाटायची नसते. आणि तुझ्या रक्तदाबाला ही चालतच नाही. झटक्यांचं सांगितलं होतंस सेविकेला?"

जानकीनं नकारार्थी मान हलवली. कुणी विचारलंच नव्हतं.

लघवी तपासली. दुसऱ्या दिवशी कळलं, दिवस नाहीत. पाळी आली की पाच दिवसांच्या आत ये, पिशवीत तांबी बसवते, मग दिवस राहत नाहीत. तोवर निरोध, असं सांगून बाईंनी तशी चिठ्ठी लिहून विमलाताईजवळ दिली. तांबी काळजापर्यंत चढते, हे जानकीनं चाळीत ऐकलेलं. बाईंनी एक तांबी तिच्या तळहातावर ठेवली. एवढीशी. काळजाकडे जायला तिथून वाटच नाही, म्हणाल्या. नाहीतर नवऱ्याचं ऑपरेशन सगळ्यात सोपं, त्याच दिवशी घरी.

"त्यांचं नाव काढू नका बाई. आणीबाणीत त्यांच्या भावाला नसबंदीला धरून नेलं होतं."

चार दिवसांनी पाळी आली. बुधवारी दोघींनी जायचं ठरलं. मंगळवारी सासू गावाहून येऊन उभी राहिली. जावेला दिवाळीच्या लक्ष्मीपूजनासाठी आणखी एक पाकीट हवं होतं. सासूच्या डोळ्यांदेखत दवाखान्यात जायची जानकीची छाती झाली नाही. पुढच्या महिन्यात, म्हणाली. पुढच्या महिन्यात लवूनं बिऱ्हाड माहुलला हलवलं.

बाईंची चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्येच आहे, जानकी. तांबी बसवायला जायचं आपलं राहूनच गेलं.