चौदशीचं पान, अमावास्येचं पान

आमच्यात पितृपंधरवड्यातली चौदस हत्याराने मेलेल्यांसाठी राखलेली असते. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचं पान दुसऱ्या दिवशी, अमावास्येला. माझ्या थोरल्या भावाचं पान इतकी वर्षं कुठल्याच दिवशी वाढलं गेलं नाही. मीच वाढू दिलं नाही.

इथे कानडी मुलखात, देवराज मोहल्ल्यात आमचं शिंपीकामाचं दुकान. भाऊ तिथूनच फौजेत गेला, तोही शिंपी म्हणूनच. उत्तरेला बर्फात लढाई झाली आणि तार आली, बेपत्ता. वहिनी तेव्हा नव्या लग्नाची. रेडिओवर मेलेल्यांचा आकडा आज एक, उद्या दुसरा.

पुढे त्याच्या पलटणीतला बन्नूरचा एकजण दुकानात आला. म्हणाला, त्या ठाण्यावरचे सगळे गोळ्यांनी पडले. मी चौदस धरली, वहिनीने तांदूळ निवडले. तेवढ्यात कैदेतून सुटलेला दुसरा भेटला.

"गोळी थोड्यांनाच लागली," तो म्हणाला. "बाकीचे थंडीने बसल्या जागी गेले. काहींना धरून नेलं."

"आमच्या शिंप्याला पाहिलंत?"

"तिथे सगळ्यांची तोंडं एकसारखीच झाली होती."

मी पान रद्द केलं. भटजी म्हणाले, अमावास्येला सगळे चालतात. मी म्हटलं, माझा भाऊ सगळ्यांत मोडत नाही. चौथी शिकलेला माणूस मी, पण खोट्या तिथीला भावाला जेवायला बोलावणार नाही. वहिनी कुंकू लावत राहिली. तिला काही सांगायला कुणी धजलं नाही.

काजं करून झाली की भाऊ दाताने दोरा तोडायचा. दुपारी दुकान रिकामं असलं की तो बारीकसा आवाज मला अजून मागून येतो. मी वळून बघतो. मशीन, खुर्ची, भिंत.

यंदा बोगादीचा भाचा आला. तो कॉलेजात इतिहास शिकवतो. त्या लढाईवरची दोन पुस्तकं त्याने मला वाचून दाखवली. एकात त्या ठाण्यावर मेलेले जास्त, दुसऱ्यात कमी.

"खरं कुठलं?" मी विचारलं.

"मोजणाऱ्यावर असतं, मामा. कुणी फक्त लढणारे मोजतं. शिंपी, धोबी, आचारी त्यात धरत नाहीत."

"म्हणजे कमीवाल्यात माझा भाऊ नाही."

"जास्तवाल्यात असेलच, असंही नाही."

वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. "इरली, राहू दे आता," ती अर्धं कानडीत म्हणाली. "त्यांनी मोजलं नाही तर नाही. भावजी, माझे हात चालतात तोवर मला वाढू द्या."

"कुठल्या दिवशी?"

"दोन्ही."

"असं नसतं, वहिनी."

"त्यांची दोन पुस्तकं चालतात, माझी दोन पानं चालत नाहीत होय?"

भाचा हसला. मला हसू आलं नाही, पण मी पंचांग काढून दोन्ही दिवस पाहिले.

चौदशीला पान वाढलं. वहिनी वाढून लगेच बाहेर आली. अमावास्येला मात्र ती स्वयंपाकघरातून हलेना. आमटीला, म्हणजे आमच्याकडच्या हुळीला, पुन्हा पुन्हा कढ आणत राहिली.

"निवली तरी चालते," मी म्हणालो.

"थंडीतून येणार असतील तर?"

तिने वाकून वाढलं तेव्हा वाफ तिच्या तोंडावर आली. कपाळावरचं कुंकू ओलं होऊन थोडं ओघळलं. पदर हातातच होता, पण तिने ते पुसलं नाही.