रेबेकाआजीच्या म्युझियममधले रविवार

रेबेकामावशी जाणार आहेत, हे बोधीला कसं सांगायचं? या एका प्रश्नाने माझी झोप पार उडवली होती. माझा नवरा अमोल कूस बदलता बदलता म्हणाला, "सांगून टाक ना सरळ." नवऱ्यांना सगळं सरळच दिसतं, विशेषतः डोळे मिटलेले असताना!

बोधी आमची मुलगी, साडेसहा वर्षांची. गेल्या वर्षी माझ्या सासूबाई गेल्या, तेव्हा ती रडली नाही. फक्त दारातल्या त्यांच्या चपला कुणाला हलवू देईना. कितीतरी दिवस आम्ही त्या ओलांडून ये-जा करत होतो. त्यानंतर तिने आपण होऊन जवळ केलेलं पहिलं माणूस म्हणजे रेबेकामावशी, तिची रेबेकाआजी. आणि आता त्याही निघाल्या होत्या. इस्रायलला, मुलाकडे, कायमच्या.

जागी असले की मला त्यांच्या म्युझियममधले किस्सेच आठवत राहायचे. किस्से म्हणजे स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या झाकणांसारखे. डबे कुठे जातात देव जाणे, झाकणं मात्र वाढतच जातात. एखाद्या दिवशी ड्रॉवर बंदच होत नाही. आज तेच झालंय.

हे म्युझियम म्हणजे भायखळ्याच्या एका गल्लीतलं जुनं सिनेगॉग, ज्यू लोकांचं प्रार्थनाघर. हे बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी बोलणारे, कोकणातून आलेले ज्यू. पुढे त्यातले बरेचसे इस्रायलला गेले. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते जमेनासे झाले, तेव्हा उरलेल्या लोकांनी त्या वास्तूचं म्युझियम केलं. रविवारी तिथे दोघं असतात. डॅनियलकाका रेल्वेतून रिटायर झालेले, ते माहिती सांगतात. रेबेकामावशींकडे किल्ली, चहा आणि शेवटचा शब्द!

* * *

पहिल्यांदा गेलो ते निव्वळ "रविवारी मुलीला मॉलमध्ये नेत नाही" हे स्वतःला सिद्ध करायला. करी रोडहून टॅक्सी केली. दारात पोचल्या पोचल्या आम्ही तिघांनी चपला काढल्या. विहारात जाताना काढतो, देवळात जाताना लोक काढतात, इथेही काढणारच. शिवाय माझा तोरा असा, की बघा, कसे संस्कार आहेत आमचे!

आतून डॅनियलकाका ओरडले, "अहो, पाय नाही, डोकं! चपला घाला, डोकं झाका!"

मी घाईघाईने ओढणी घेतली. अमोलला त्यांनी वाटीएवढी टोपी दिली. त्याच्या केसांवर ती काही टिकेना. शेवटी एका हाताने टोपी धरून त्याने अख्खं म्युझियम बघितलं, जणू वाऱ्यातून चाललाय!

बोधीने सगळ्यांचे पाय बघितले, सगळ्यांची डोकी बघितली. मग भरल्या हॉलमध्ये विचारलं, "यांच्या देवाला पाय चालतात, केस नाही चालत?"

मला वाटलं, झालं. आता हाकलणार. तेवढ्यात मागून एक बाई हसायला लागल्या आणि त्यांना हसता हसता खोकलाच लागला. त्या रेबेकामावशी.

* * *

बोधीचा पुढचा प्रश्न होता, "पण देव कुठेय?"

मूर्ती नाही, तसबीर नाही. तिने बाकांखालीसुद्धा वाकून बघितलं. मी डोळे वटारतेय, ती बघतच नाहीये.

मावशी म्हणाल्या, "ये, दाखवते." समोरच्या भिंतीत एक मोठं लाकडी कपाट. पडदा सारला, दार उघडलं. आत धर्मग्रंथाची गुंडाळी, अंगावर जांभळं मखमली आवरण, वर चांदीच्या छोट्या घंटा. बाकीच्या गुंडाळ्या लोकांबरोबर तिकडे गेल्या, ही एक इथे राहिली.

बोधी पुढे झाली, बघितलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. "शू. झोपलाय."

मावशींनी मुळीच दुरुस्ती केली नाही. अगदी आवाज न करता दार लावलं.

तेव्हापासून त्या कपाटासमोर डॅनियलकाकांनी आवाज चढवला, की मावशी कोपऱ्यातून हळूच म्हणायच्या, "काका, उठवाल!" आणि रेल्वेत उभा जन्म ओरडून काढलेला तो माणूस कुजबुजत माहिती द्यायचा!

* * *

मराठी पाट्या लिहायचं काम मी अंगावर घेतलं. तिथे सगळं इंग्रजीत होतं. ज्या बायका घरात मराठीत भांडल्या, मराठीत मुलं वाढवली, त्यांच्या साड्यांवर इंग्रजी पाट्या! मी मोठ्या उत्साहाने हात वर केला. का केला, ते अजून कळलेलं नाही. मी इन्शुरन्स कंपनीत पॉलिसीच्या अटी मराठीत करते. म्हणजे आयुष्यात मी लिहिलेलं आजवर कुणी वाचलेलं नाही.

पहिली पाटी एका खुर्चीची. ती खुर्ची एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याची. तो एक दिवस येणार, म्हणून ती कायम रिकामी ठेवतात. येणारी-जाणारी दमलेली माणसं मात्र बरोब्बर तिच्यावरच टेकायची.

मी रात्र घालवून लिहिलं : "सदर आसनावर अभ्यागतांनी आसनस्थ होण्यास सक्त मनाई करण्यात येत आहे."

मावशींनी चष्मा लावून वाचलं, परत वाचलं. म्हणाल्या, "अगं बाय, हे वाचेपर्यंत माणूस बसून, दम खाऊन, उठून जाईल!"

आता तिथे लिहिलंय, "इथे बसू नका, कोणीतरी यायचंय."

* * *

त्या पाटीचाही एक किस्सा झालाच. गिरगावातल्या बायकांचा भिशीचा ग्रुप आला होता. भिशी, मग म्युझियम, मग मिसळ असा बेत. त्यातल्या एका काकूंनी पाटी मोठ्याने वाचली आणि मावशींना विचारलं, "कोण यायचेत?"

मावशींनी एलियाहूची सगळी गोष्ट सांगितली. काकूंनी मन लावून ऐकली.

"बरीच वर्षं झाली असतील ना वाट बघून?"

"हो, बरीच."

"आणि येतो म्हणालेत नक्की?"

"नक्की."

काकूंनी सुस्कारा सोडला. "आमच्या प्लंबरचं असंच आहे हो!"

मावशी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कपबशा धुताना मधेच थांबून हसत होत्या.

* * *

काकांना एका प्रश्नाचा फार राग. "तुम्ही मूळचे कुठले?"

एक कॉलेजचा मुलगा मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून आला.

"काका, तुम्ही मूळचे कुठले?"

"रोह्याचे."

"नाही, म्हणजे ओरिजिनल?"

"ओरिजिनल रोहा! डुप्लिकेट रोहा आहे का कुठे?"

"तसं नाही काका, म्हणजे इंडियात कधी आलात?"

काकांनी घड्याळ बघितलं. "आज? भायखळ्याला साडेनऊला उतरलो. इंडियात सकाळपासूनच होतो."

मुलगा बिचारा घाबरून गेला. मग काकांनीच त्याला बाकावर बसवलं आणि नौकेची गोष्ट सांगितली. कोकणच्या किनाऱ्याजवळ फुटलेलं जहाज, वाचलेली मूठभर माणसं, आणि तेलाचा घाणा चालवणारी, पण शनिवारी काही केल्या बैल न जुंपणारी त्यांची लेकरं. शनिवार तेली म्हणायचे त्यांना. मुलगा दोन तास बसला. जाताना पाया पडला. काका गल्लीच्या टोकापर्यंत त्याला सोडायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "बावळट आहे. पण परत येईल."

* * *

भिंतीवर एका नवरीचा फोटो आहे. हिरवा चुडा, कपाळावरून सोडलेली फुलं, गळ्यात मंगळसूत्र. एक बाई माझ्याकडे आल्या, आवाज खाली करून म्हणाल्या, "तुमचा फोटो बदललाय हो. ज्यू लोकांमध्ये मराठी मुलीचा लावलाय."

मी पॉलिसीच्या अटींसारखं काहीतरी लांबलचक सांगायला सुरुवात केली. मावशी फडकं घेऊन मधे आल्या. "ती मी आहे."

बाईंनी फोटो बघितला, मावशींना बघितलं. "अय्या! म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच की!"

"नाही हो," मावशी काच पुसत म्हणाल्या, "तुम्हीच आमच्यातल्या!"

* * *

आणि मग एका रविवारी चहा गाळताना मावशी म्हणाल्या, "तिकीट काढलंय गं. मुलगा ऐकत नाही. सून गेल्यापासून एकटा पडलाय, आणि तिकडचे दिवस हे असे." चहा गाळून झाला तरी गाळणं हातातच होतं. "माझा पाय निघत नाही. काका आहेत, तू आहेस, तसं चालेल इथलं. पण बोधीला... तू आई आहेस, तू सांग. मला नाही जमायचं."

मला तर काय, सगळंच जमतं! मी वाचन केलं. मुलांना वियोग कसा समजावावा, यावर माणसांनी भयंकर लिहून ठेवलंय. ते वाचून मलाच कोणीतरी जवळ घ्यावं असं वाटायला लागलं. शेवटी ठरवलं, निसर्गातून सांगायचं. गॅलरीत तिला मांडीवर घेतलं. समोर नवे टॉवर, त्यामुळे निसर्ग मनातच आणावा लागला.

"बोधी, काही पक्षी असतात ना, ते खूप दूर उडून जातात. पण म्हणून त्यांचं प्रेम..."

ती मांडीवरून उतरली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, कोण मेलं?"

"कोणी नाही गं!"

"नक्की?"

"नक्की."

"मग पक्ष्यांचं काय सांगतेस?" आणि ती कार्टून बघायला आत गेली. मी एकटीच गॅलरीत बसले, पक्ष्यांसकट.

* * *

शेवटच्या रविवारी मलिदा होता. मलिदा म्हणजे भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा आणि सोबत फळं. घरात काही शुभ असलं, कोणी प्रवासाला निघालं, की बेने इस्रायल मलिद्याचं ताट मांडतात आणि एलियाहूचं नाव घेतात. काकांनी प्रार्थना म्हटली. आवाज मधे दोनदा अडकला, तेव्हा घशात वेलची गेली म्हणाले. प्रार्थनेच्या आधी कोणीच काही खाल्लं नव्हतं.

मावशींनी नजरेनेच मला विचारलं, "सांगितलंस?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी बोधीला बाकावर शेजारी बसवलं आणि तिच्या बशीत मलिदा वाढता वाढता म्हणाल्या, "बोधी, मी चालले हां. परवाच्या विमानाने. आता तिकडेच राहणार."

माझा हात आपोआप बोधीच्या पाठीकडे गेला. ती ताठ बसली होती. चमचा बशीतच.

"कोणाकडे?"

"माझ्या मुलाकडे."

"केवढा आहे तो?"

"पन्नाशीचा झाला."

बोधीने भुवया वर केल्या. "एवढा मोठा? त्याला अजून आई लागते?"

काका उठून खिडकीपाशी गेले. मावशींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"लागते गं."

बोधी चमच्याने पोह्यांतले बेदाणे एका बाजूला करत राहिली. मग ते सगळे उचलून तिने मावशींच्या बशीत टाकले.

"मग जा तू," ती म्हणाली. "माझी इथेच आहे."