न फाटलेला लाल

ईनॉक टपनने इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या आसपास आयुष्यभर उंदीर मारले, पण त्यासाठी कधी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. खरं मारायचं काम जेसचं. जेस म्हणजे त्याची फेरेट. मुंगसासारखी लांबट, पिवळट, आणि स्वभावाने खुनी.

एकोणीसशे अकराच्या उन्हाळ्यात सिनेमावाल्या प्रायर साहेबांनी जेसला विकत घेतलं, ईनॉकला रोजावर ठेवलं आणि दोघांना काचेच्या स्टुडिओत आणलं. त्यांना रंगीत सिनेमात निसर्ग दाखवायचा होता, आणि साहेबांचा निसर्ग म्हणजे कोणीतरी कोणाचं तरी नरडं फोडणं.

घोडं अडलं रंगापाशी. कॅमेऱ्यात लाल आणि हिरवी काच आळीपाळीने फिरायची. तेवढ्यात कोणी हललं की पडद्यावर रंग फाटायचा, एका कडेला लाल, दुसऱ्या कडेला हिरवा. जेसने उंदरामागून उंदीर चिरफाडले. पडद्यावर ते चावा बसण्याआधीच लाल दिसले आणि मेल्यावर हिरवे.

"तिला जरा सावकाश मारायला सांग," साहेब म्हणाले.

"सांगतो की. उंदरालाही सांगू?"

साहेब हसले नाहीत. आज जमलं नाही तर उद्या शिकारी कुत्रा आणून जेसलाच त्याच्यापुढे टाकायचं, असं त्यांनी जाहीर केलं.

दुपारी शेवटचा उंदीर ईनॉकच्या मुठीतून निसटला आणि मागून झेपावलेल्या जेसने अंगठ्याखालचं मांस धरलं. फेरेट एकदा धरते ती सोडत नाही. निपचित लोंबकळत दात आवळत राहते. रक्त मनगटावरून स्टुडिओत अंथरलेल्या गवतात उतरलं. दुसऱ्याने हात झटकला असता. बिळापाशी तासन्‌तास बसून ईनॉकच्या अंगात मात्र न हलणं इतकं मुरलं होतं, की त्याने श्वाससुद्धा रोखला.

"हलू नकोस," साहेब कुजबुजले, आणि कॅमेरामनला म्हणाले, "फिरव रे हँडल."

"कुत्रा येणार का, साहेब?" सिनेमा मुका होता, बोलायला हरकत नव्हती.

"ते मग बघू."

"मग हलवतो हात."

दात हाडाला लागले. "साहेब, लाल काय झकास येतोय," कॅमेरामन म्हणाला.

"बरं, नाही येणार कुत्रा."

"आणि जेस माझी."

"ने बाबा. पण अजून थोडं धर."

त्याने धरलं. अंगठा पुढे कधी वाकला नाही.

सिनेमा लागला तेव्हा पडद्यावर ईनॉकची फक्त केसाळ मूठ दिसली, अगदी सशासारखी, आणि पाटीवर लिहिलं होतं, 'सशाचा अंत'. लाल कुठेही फाटला नव्हता. दोन बायकांना भोवळ आली. ईनॉकची शेजारीण मिसेस पेनफोल्ड डोळे पुसत म्हणाली, "बिचारा. किती शांतपणे मेला."

"म्हातारा होता," ईनॉक म्हणाला.