यंत्र म्हणालं 'हाय'

चकलांब्याच्या छबुबाईला अक्षर वाचता येत न्हाई, आकडा मातुर एकबी चुकत न्हाई. पंचवीस हंगाम नवऱ्यासंगं, बंकटसंगं ऊस तोडला, मोळ्या मोजल्या, दोनदा तर मुकादमाला भर फडात खोटं पाडलं. म्हणून बंकटला शुगर निघाली अन् इन्सुलिनची सुई सुरू झाली, तवा ते बारकं यंत्र तिनंच ताब्यात घेतलं. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, आकडा सांगायचा. "एकशे ऐंशी. आज भाकर दीडच."

भादव्यात बंकटला ताप आला. दोन दिवस पोटात कण ठरेना. छबुबाईनं सरळ विचार केला: खाणंच न्हाई तर साखर कुठून चढंल? रित्या पोटी सुई दिली अन् माणूस गार पडला तर? तिनं सुई बंद केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बंकट तांब्यामागं तांब्या पाणी प्याला, सगळं ओकला, अन् भात्यासारखा श्वास ओढायला लागला. तोंडाला वास कसा, तर नासक्या आंब्याच्या अढीसारखा. तिनं टोचलं, थेंब लावला. आकडा आलाच न्हाई. दोन इंग्रजी अक्षरं आली.

शेजारचे विठ्ठलराव ओट्यावरच होते. एके काळी पंचायत समितीवर निवडून गेलेला माणूस. गल्लीतला इंग्रजी कागद त्यांच्याच पुढं यायचा.

"वाचा की भाऊ, काय हाय?"

त्यांनी चष्मा वर सरकवला. "हाय."

"आवं हाय, पर काय हाय?"

"तेच सांगायलोय. 'हाय' हाय! एच आय. पोरंसोरं फोनवर म्हणत्यात न्हाई का, हाय-हॅलो." ते हसले. "सायबी रामराम घातलाय मशीननं. म्हंजी समदं बैजवार हाय. दोन दिसाचा उपाशी गडी, अंगात जोर कुठून येणार? गिलासभर साखरपाणी पाज, टुणकन उठंल."

साखरपाणी कालवून झालं. छबुबाईनं बंकटची मान मांडीवर घेतली. "आवं, प्या." डोळे अर्धे उघडले. "कावून... उठवायलीस," एवढंच पुटपुटून पुन्हा मिटले. गिलास ओठाला टेकला अन् तिचा हात थांबला. तीन वर्षांत यंत्रानं कधी रामराम घातला नव्हता. मग आजच कावून?

गिलास खाली ठेवून तिनं आशाताई संगीताला फोन लावला.

"मामी, आकडा बोला."

"आकडा न्हाई. हाय आलंय."

"शुगर हाय ते कळलं, पर किती हाय?"

"किती न्हाई गं बाई, नुसतंच हाय! एच आय म्हणतेत विठ्ठलभाऊ."

संगीताचा आवाज एकदम चढला.

"मामी, ते हाय न्हवं, 'हाई'! लई वर गेली. सहाशेच्या फुडं त्या यंत्राला मोजताच येत न्हाई. काय पाजलं का?"

"साखरपाणी... ओठापत्तोर नेलतं. पर डोळेच उघडंनात त्येंचे."

"वतून टाका! झापड हाय न्हवं? मग तोंडात थेंब घालू नका, छातीत जाईल. अंदाजानं सुईबी देऊ नका. गाडी काढा, गेवराई गाठा. आत्ता!"

विठ्ठलरावांचं हसू केव्हाच गेलतं. जीप त्यांनीच काढली. मागं छबुबाई नवऱ्याचा एकेक श्वास ऐकत बसली. एखादा लांबला की गालावर चापट. "झोपू नगा म्हणते न्हवं!"

दवाखान्यात सलाईन लागलं, शिरेतून इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सुई कोणी बंद केली?"

"पेशंटच ऐकत नव्हता, मॅडम," विठ्ठलरावांनी सावरून घेतलं.

"म्या केली," छबुबाई म्हणाली. "पोटात अन्न नव्हतं म्हणून."

"मावशी, तापात उपाशी माणसाचीही साखर चढते. सुई आपल्या मनानं थांबवायची नाही. दर चार तासांनी तपासायचं, फोन करून विचारायचं. उलट्या होत असल्या तर आकड्याची वाटसुद्धा बघायची नाही, सरळ इकडं यायचं. अजून धोका टळलेला नाही."

छबुबाईनं ते डॉक्टरीणबाईंकडून दोनदा म्हणवून घेतलं.

दोन-अडीच तासांनी नर्सनं पुन्हा टोचलं. पाचशे बारा. विठ्ठलरावांनी कपाळाला हात लावला, "अरारा, पाचशे!"

"असू द्या पाचशे," छबुबाई म्हणाली अन् सकाळपासून पहिल्यांदा तिनं खाली बूड टेकलं. "मोजता तरी यायलंय."

नर्स निघाली तशी छबुबाईनं पदर धरावा तसा तिचा हात धरला. "पुन्हा किती वाजता टोचणार? मी जागीच हाय."