रखमाचं पान

मी निघाले तेव्हा माझी मैना तीन वर्षांची होती. बासरच्या स्टेशनवर बाबांनी तिला खांद्यावर घेतलं आणि पलीकडच्या रुळावरची मालगाडी दाखवत उभे राहिले, म्हणजे तिचं तोंड तिकडे राहील. आई म्हणाली, "मांगं पाहू नको, पाय अडखळते." मी पाहिलं. अडखळलेही. तरी गाडीत चढले. ज्यांनी आपलं माणूस असं गाडीत बसवलं आणि जे असे बसून गेले, त्या दोघांसाठीही हे लिहिते आहे.

नवरा वारून वर्ष झालं होतं. मी निजामाबादला नर्सिंग शिकले होते आणि इंग्लंडात नर्सा हव्या होत्या. दोन वर्षांत लेकीला नेईन, असं सांगून गेले. आधी व्हिसाचे नियम आडवे आले, मग माझ्या शिफ्ट. बारा-बारा तास ड्युटी करणाऱ्या एकट्या बाईने लेकरू ठेवायचं कुठे? शेवटी नियमही जमले, घरही जमलं, तेव्हा मैना दहा वर्षांची होती आणि व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "मी नाई येत. इथं आजी हाय, शाळा हाय." शहाण्यासारखी बोलली. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. वर्षातून एकदा सुट्टीवर जायचे, तेव्हा ती मला चहा आणून द्यायची, सोबत बशीत बिस्किटं मांडून, पाहुणीला देतात तशी.

सकाळी ओट्स खायची सवय झाली, ज्वारीची भाकर रविवारपुरती उरली. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांची अंगं पुसताना आपल्या म्हाताऱ्या-म्हातारीचं कोण करत असेल, हा विचार मात्र रोजचाच.

आमच्या घरात एक जुनी गोष्ट सांगतात. बाबांचे आजोबा, हरी, समुद्रापलीकडे जन्मले, मॉरिशसला, उसाच्या मळ्यावर. त्यांचे आईबाप दुष्काळात मुंबईला गेले आणि तिथून मजुरीचा करार करून बोटीत चढले. बाप तिकडेच तापाने गेला. आई रखमा दोन वर्षांच्या हरीला घेऊन परत निघाली, पण वाटेत बोटीवरच मेली आणि तिला समुद्रात सोडलं. हरीला मामाने वाढवलं. तो त्याला घेऊन निजामाच्या मुलखात आला आणि भैंशाच्या अलीकडे झाडी तोडून शेत केलं. चहूकडे कापूस आणि ज्वारी, त्या गावाला बोटीचं काय कौतुक! पोरं आम्हाला 'बोटवाले' म्हणून चिडवायची. पण सर्वपित्री अमावस्येला आमच्याकडे एक पान वेगळं निघायचं. बाकी पितरांचं छपरावर कावळ्यांना, आणि रखमाचं बासरला नेऊन गोदावरीत. नदी समुद्राला मिळते, तेव्हा तिला पोचत असणार. चार पिढ्या हे असंच चाललं.

माझ्या वॉर्डात मॉरिशसची एक नर्स आली. आडनाव मराठी, मराठी मात्र गणपतीच्या आरतीपुरती. रखमाची गोष्ट ऐकून ती म्हणाली, आमच्याकडे त्या काळचे कागद नीट ठेवले आहेत, सुट्टीवर गेले की बघते. मला फक्त त्या मळ्याचं नाव हवं होतं. बाबा ऐंशीला टेकले होते. आपले आजोबा कुठे जन्मले, एवढं त्यांना कळावं. आणि खरं सांगायचं तर, इतकी वर्षं लांब राहून मीही घरासाठी काहीतरी आणलं, असं दाखवायचं होतं.

तिने फोनवर कागदांचे फोटो पाठवले. मळ्याचं नाव मिळालं. नवऱ्याचं नाव, रखमाचं माहेर, सगळं जुळत होतं. पण रखमा बोटीवर मेलीच नव्हती. मायलेक मुंबईला धडधाकट उतरले होते. सहा-सात महिन्यांनी मुंबईहून सुटलेल्या बोटीच्या यादीत रखमा पुन्हा होती. एकटी. त्याच मळ्यावर ती पुढे म्हातारी होऊन मेली. म्हणजे हरीचं लग्न झालं, पोरं झाली, शेत झालं, दर सर्वपित्रीला तो आईच्या नावाने पान सोडत राहिला, आणि आई तिकडे ऊस तोडत होती.

मी कॅन्टीनमध्ये ते फोटो पुन्हा पहिल्यापासून वाचले. विधवा बाई, भावाच्या घरची भाकर, पदरात पोर. ती काय विचार करून परत बोटीत चढली असेल, हे मला कुणी समजावायची गरज नव्हती. मी घाबरले ते वेगळ्याच गोष्टीला. हे घरी सांगितलं तर सगळे रखमाला नावं ठेवतील, आणि मैना माझ्याकडे पाहील. मळ्याचं नाव तेवढं सांगावं आणि बाकीचं गिळून टाकावं, असं दोन महिने घोकत होते.

पितृपक्षात सुट्टी घेऊन घरी गेले. अमावस्येच्या सकाळी बासरला न्यायला ऑटो दारात येऊन थांबला, आणि मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "म्हंजे जित्त्या बाईच्या नावानं पान सोडत राह्यले ते," ते म्हणाले.

"मंग मामानं काऊन खोटं सांगतलं असन?" आईने विचारलं.

"मेली म्हनलं का लेकरू रडते अन् उगी होते," बाबा म्हणाले. "गेली म्हनलं तं रोज वाट पाह्यते."

मैना चुलीपाशी वडे तळत होती. आता ती अठराची आहे, कॉलेजात जाते. पंधरा वर्षं जे विचारायचं धाडस झालं नव्हतं, ते मी विचारलं. "मैना, मी मेली म्हनून सांगतलं असतं तं बरं झालं असतं, असं तुले कधी वाटलं का?"

"वाटे कधी कधी," ती कढईतून नजर न उचलता म्हणाली. "शाळेतून आल्यावर."

फार लागलं ते मला. आणि बरंही वाटलं, कारण बशीतल्या बिस्किटांसोबत असं खरं कधी मिळालं नव्हतं.

"आता या पानाचं काय करावं?" बाबांनी विचारलं.

"नदीत काऊन न्याचं?" मैना म्हणाली. "ते काय बुडली? घरातच वाढा." बाबांनी ऑटोवाल्याला परत पाठवलं.

घर म्हणजे आपण सोडलं तसंच थांबून राहिलेलं काहीतरी, असं मी तिकडे इतकी वर्षं समजत होते. ते थांबत नाही. आपण गेल्यावर त्याला निभावून न्यावं लागतं, आणि त्यासाठी ते गोष्टीही रचतं. आता मला एवढंच वाटतं, की आपलं खरं कळल्यावरही जिथे आपल्याला जेवायला बसवतात, ते घर.

ओसरीवर पंगत मांडली. भिंतीकडेला रखमाचं पान. मी नेहमीसारखी आईच्या बाजूला बसायला गेले, तर मैनाने मला मनगटाला धरून थांबवलं आणि रखमाच्या पानाशेजारी दुसरी पत्रावळ टाकली.

"तू इथं बस," ती म्हणाली. "हिच्यापाशी."

मी बसले. तिने आधी रखमाला वाढलं, मग मला.