मशीन टाके सोडतं

शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं ते दुकान धाकट्या भावाच्या नावावर होतं, पण दुकानाची वेबसाइट ताईची. लग्न केलं नाही, शिकवणीही सोडली, आणि काउंटरमागच्या अरुंद खोलीत बसून तिनं एकेका भागाचं पान लिहिलं. खालच्या दोऱ्यानं टाका घालणारं शटल कसं ओळखायचं, बॉबिन केसचे प्रकार किती, पट्टा ढिला झालाय हे कशावरून कळतं. फोटोसुद्धा स्वतः काढायची, खिडकीतल्या उजेडात, पांढऱ्या कापडावर ठेवून.

भावाचं लग्न झालं आणि भावजय घरात आली, तशी दुकानातही आली. तिला कॉम्प्युटरमधलं कळत होतं. साइटवर गिऱ्हाईक शोधाच्या चौकोनात काही लिहायचं, की निकालांचं एक पान तयार व्हायचं. ही पानं सर्च इंजिनांना दिसू नयेत अशी आधीपासून सोय होती. भावजयीनं ती काढून टाकली.

"लोक जे शब्द लिहितात, तीच पानं बाहेर दिसू देत," ती म्हणाली. "आयती हजारो पानं आहेत, ताई."

थोड्याच दिवसांत साइटवर वर्दळ वाढली. भाऊ जेवताना फोन पुढे करून आकडे दाखवायचा. "एका फटक्यात केलं हिनं. आपण इतकी वर्षं काय करत होतो कुणास ठाऊक."

'आपण' म्हणजे कोण, हे ताईला कळलं. तिनं ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी तिनं सर्च इंजिनात 'मशीन टाके सोडतं' असं टाकून पाहिलं. सगळ्यात वर त्यांच्याच दुकानाचं शोधाचं पान. वर तेच तीन शब्द आणि खाली सुया-शटलांच्या फोटोंची रांग. फोटो तिचेच होते. तिनं जीव ओतून लिहिलेलं शटलचं पान कुठल्या कुठे खाली गेलं होतं. माणसानं लिहिलेल्या पानानं त्याला मागे टाकलं असतं तर तिनं एक वेळ सोसलं असतं. हे तर कुणीच लिहिलेलं नव्हतं.

मग ती रोज या पानांतल्या चुका शोधायला बसायची. सापडायलाही वेळ लागला नाही. 'चामडी पट्टा' या नावाचं पान चांगलं वर दिसत होतं, पण उघडलं की बारीक अक्षरात 'काही सापडलं नाही' आणि खाली भलत्याच रबरी पट्ट्यांचे फोटो. चामडी पट्टे दुकानानं केव्हाच बंद केले होते. भावजय बाजूलाच बसली होती. ताईनं पान मिटलं आणि ओठही मिटले. चूक वाढू दे, म्हणाली मनाशी.

एका दुपारी एक वयस्कर शिंपीणबाई दोन बस बदलून आल्या. पायमशीनसाठी चामडी पट्टा हवा होता.

"तो आम्ही ठेवत नाही हो," भाऊ म्हणाला.

"नातीनं फोनवर दाखवलं. तुमच्याच दुकानाचं नाव, वर पट्ट्याचं नाव."

भावजयीनं पान उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. ताईला बरं वाटलं. पण बाई स्टुलावर बसून पाय चोळत होत्या, तिकडे तिला बघवेना. आतल्या जुन्या डब्यात तिनं शोधाशोध केली, पण पट्टा नव्हता. तिनं दुसऱ्या दुकानात फोन लावला आणि तिथून बाईंच्या घरी पोचता करायला सांगितलं.

बाई गेल्यावर भाऊ चिडला. "हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"मी पाहिलं होतं," ताई म्हणाली.

भावजयीनं वळून पाहिलं. "मग सांगितलं का नाहीत?"

"तुझं कौतुक चाललं होतं. मध्ये कशाला बोलू?"

मग भाऊ म्हणाला, "बंद करून टाक ती सगळी पानं."

हेच तर ताईला ऐकायचं होतं. पण आता भावजय निमूटपणे माउसकडे हात नेत होती आणि ताईला राहवलं नाही.

"बंद कर. शोधाची पानं बाहेर नकोतच. लोक काय विचारतात ते मात्र मला काढून दे. मी भागांची नावं लिहीत बसले. ज्याचं मशीन अडलंय त्याला शटल हे नाव कुठून ठाऊक असणार? तो म्हणणार दोरा तुटतो, टाके सुटतात. त्याची नीट पानं मी लिहिते."

भावजयीनं शब्द काढून दिले, ताईनं पानं लिहिली. वर्दळ आधी घसरली, मग हळूहळू सावरली, आणि आता येणारी माणसं सामान घेऊन जायला लागली.

"बघ, हिची कल्पना शेवटी कामाला आलीच," भाऊ जेवताना म्हणाला.

ताईचा घास हातातच राहिला.

"माझी कुठली? ताईंची," भावजय म्हणाली.

"बरं, दोघींची म्हणू."

दोघींची हा शब्दही ताईला फारसा रुचला नाही. तरी तिनं भावजयीकडे आमटीचं भांडं सरकवलं आणि विचारलं, "उद्या कुठलं पान घ्यायचं?"